शितावरून भात कळतो, पंगत नाही

ब्लॉकचेनवरची नोंदवही आता साध्या लॅपटॉपवर तासाभरात उभी राहते. आरोग्य खात्यांनी आणि रुग्णालयांनी ती जरूर उभी करावी, मोडूनही पाहावी. पण तेवढ्या बळावर रुग्णांच्या नोंदी तिच्या हवाली करू नयेत.

ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने डिसेंबर २०१७ मध्ये एक धाडसी निर्णय जाहीर केला. समभागांच्या खरेदी-विक्रीचा हिशेब पुरा करणारी आपली जुनी संगणक यंत्रणा मोडीत काढून तिच्या जागी ब्लॉकचेनच्या जातकुळीतील नवी नोंदवही बसवायची, असा तो निर्णय. त्याआधी जवळपास दोन वर्षे प्रायोगिक काम झाले होते. ते पसंतीस उतरले म्हणूनच पुढचे पाऊल पडले. पण नंतर तारखा वारंवार पुढे ढकलल्या गेल्या आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये हे काम थांबवण्याची वेळ आली. प्रस्तावित रचना बाजाराच्या गरजा भागवू शकेल का, याविषयीच्या गंभीर अडचणी स्वतंत्र तपासणीतून पुढे आल्या होत्या. तोवर झालेल्या खर्चापैकी सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बाजाराला बुडीत खाती टाकावे लागले. प्रयोगच झाला नाही, असे येथे म्हणता येत नाही. प्रयोग झाला होता. छोट्या प्रयोगातून मोठ्या व्यवस्थेविषयी काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हा प्रश्न त्यामुळे उरतो.

हा प्रश्न शेअर बाजारापुरता असता तर या स्तंभात त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु गेली काही वर्षे हेच तंत्र आरोग्य क्षेत्राच्या दारात उभे आहे. बनावट औषधे पकडण्यासाठी ब्लॉकचेन, लशींच्या शीतसाखळीसाठी ब्लॉकचेन, रक्तपेढ्यांसाठी ब्लॉकचेन, रुग्णाच्या आजन्म नोंदींसाठी ब्लॉकचेन, अशा प्रस्तावांचा ओघ थांबलेला नाही. शासनव्यवस्थेतही तिचा शिरकाव झाला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीत सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांच्या पडताळणीसाठी पॉलिगॉन या ब्लॉकचेनचा आधार घेण्याचे काम २०२२ मध्ये हाती घेतले गेले. केंद्र सरकारने ४ सप्टेंबर २०२४ रोजी ‘विश्वस्य’ ही राष्ट्रीय ब्लॉकचेन सुविधा सुरू केली. तिची यंत्रणा भुवनेश्वर, हैदराबाद आणि पुणे येथील राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरांत विभागलेली आहे. नवउद्योगांना आणि शिक्षणसंस्थांना हात साफ करून घेता यावा म्हणून ‘एनबीएफलाइट’ नावाचे प्रयोगापुरते वेगळे व्यासपीठही तिच्यासोबत देण्यात आले. तेव्हा आज ना उद्या एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या बैठकीत हा विषय निघणारच. तो निघेल तेव्हा सादरीकरणातल्या रंगीत बाणांपेक्षा अधिक काही टेबलावर असायला हवे. ते असणे आता शक्यही झाले आहे आणि स्वस्तही.

मुळात ही चीज काय, हे थोडक्यात पाहू. सातबाऱ्यावर फेरफार होतो तेव्हा जुन्या मालकाचे नाव खरवडून काढत नाहीत. ते कंसात टाकतात आणि नवे नाव पुढे येते. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याचा माग राहतो. ब्लॉकचेनची नोंदवही याच शिस्तीने चालते, फक्त दोन गोष्टी अधिक करते. पहिली अशी, की प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा अंकीय ठसा असतो. संगणकी भाषेत त्याला हॅश म्हणतात. जुन्या पानातला एक काना जरी बदलला तरी त्याचा ठसा पार बदलतो आणि पुढच्या पानाशी जुळेनासा होतो. दुसरी गोष्ट अशी, की ही वही एकट्या तलाठ्याच्या कपाटात नसते. तिच्या प्रती अनेकांकडे असतात आणि नवे पान जोडायचे तर ठरलेल्या बहुमताने ते मान्य व्हावे लागते.

यातील ठशांची साखळी बिटकॉइनपेक्षा जुनी आहे. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोघा संशोधकांनी संगणकीय दस्तऐवजावर काळाची मोहोर उमटवण्याची रीत १९९१ मध्ये मांडली. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ मध्ये आलेल्या बिटकॉइनच्या निबंधात तिचा आधार घेतलेला आहे. बिटकॉइनने ही साखळी अनोळखी लोकांच्या जाळ्यावर चालवून दाखवली. पण तिचा वेग सेकंदाला जेमतेम काही व्यवहार एवढाच. मोठ्या रुग्णालयाच्या औषध भांडारालाही तो पुरायचा नाही. शिवाय नोंद शोधायची कशी, हीही अडचण. ‘या रुग्णाला गेल्या वर्षी कोणती प्रतिजैविके दिली?’ असा साधा प्रश्न विचारण्यासाठी ती रचना झालेलीच नाही.

येथून ‘ब्लॉकचेन डेटाबेस’ ही कल्पना पुढे आली. बर्लिनमधील एका चमूने २०१६ मध्ये आणलेली ‘बिगचेनडीबी’ हे तिचे परिचित उदाहरण. तिच्यात माहिती साठवणे आणि शोधणे हे काम मोंगोडीबी हा रुळलेला डेटाबेस करतो. नोंद ग्राह्य धरायची की नाही, यावर एकमत घडवण्याचे काम टेंडरमिंट हे वेगळे सॉफ्टवेअर करते. ही जोडी २०१८ च्या सुमारास आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत जमली आणि तेव्हापासून प्रत्येक सहभागी संगणकाचा, म्हणजे नोडचा, मोंगोडीबी स्वतंत्र झाला. व्यवहार मुख्यतः दोनच प्रकारचे : वस्तूची पहिली नोंद करणे आणि ती दुसऱ्याच्या नावे करणे. नोंद खोडणे हा व्यवहारच तेथे नाही. प्रत्येक व्यवहारावर करणाऱ्याची गुप्त किल्ली वापरून केलेली अंकीय स्वाक्षरी लागते.

अशी यंत्रणा खऱ्या अर्थाने उभी करायची तर चार संस्थांचे चार सर्व्हर, चार ठिकाणचे तंत्रज्ञ आणि त्यांच्यात जोडणी हवी. प्रयोगासाठी एवढा पसारा कोण मांडणार? या अडचणीवर कंटेनर हा तोडगा आहे. हा शब्द गोदीतून आला. माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूकदाराचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज २६ एप्रिल १९५६ रोजी ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले आणि मालवाहतुकीची रीत पालटली. आत बटाटे असोत की यंत्रे, पेटीचे माप एकच. त्यामुळे क्रेन, ट्रक आणि जहाज यांना आतल्या मालाची फिकीर करावी लागत नाही. सॉफ्टवेअरच्या कंटेनरचे तत्त्व तेच. एखादा प्रोग्राम आणि त्याला लागणारा सगळा शिधा एका पेटीत बंद करायचा आणि ती पेटी कोणत्याही संगणकावर तशीच उघडायची. प्रोग्रामला वेगळ्या कुंपणात चालवण्याची युक्ती युनिक्समध्ये १९७९ पासून कोणत्या ना कोणत्या रूपात होती; २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ती सर्वांच्या हाती दिली.

कंटेनर म्हणजे स्वतंत्र संगणक नव्हे, हे येथेच ध्यानात ठेवायला हवे. एका वाड्यात चार बिऱ्हाडे असावीत तसे ते असते. स्वयंपाकघर ज्याचे त्याचे, दार ज्याचे त्याचे, पण पाया आणि छप्पर एकच. चारही कंटेनर त्याच यंत्राच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा वापरतात, त्याच डिस्कवर लिहितात आणि त्याच घड्याळात वेळ पाहतात. ही गोष्ट प्रयोग सोपा करते आणि त्याची मर्यादाही ठरवते.

आता प्रयोग मांडून पाहू. समजा, एका जिल्ह्यातील औषधांचा माग ठेवायचा आहे. भागीदार चार : औषध कंपनी, शासकीय औषध भांडार, जिल्हा रुग्णालय आणि औषध प्रशासन. प्रत्येकासाठी एक नोड. कोणते कंटेनर उभे करायचे आणि ते एकमेकांशी कोठून बोलणार, हे एका साध्या मजकुरी फाइलमध्ये लिहून ठेवले की एका आज्ञेत सारा संसार उभा राहतो. तंत्र जाणणाऱ्या विद्यार्थ्याला या कामासाठी एक दुपार पुरते, यंत्र म्हणून बऱ्यापैकी लॅपटॉप चालतो आणि सॉफ्टवेअर खुले असल्याने परवान्याचा खर्च नाही.

पहिला सापळा मात्र येथेच आहे. बिगचेनडीबीची सर्व काही एकात असलेली एक तयार पेटी मिळते. ती चालवली की लगेच नोंदी होऊ लागतात आणि ‘ब्लॉकचेन सुरू झाली’ असे वाटते. वास्तविक तेथे नोड एकच असतो. मत देणारा एक, मोजणारा तोच आणि निकाल जाहीर करणाराही तोच. प्रोग्रामशी बोलायचे कसे हे शिकण्यासाठी ही पेटी उत्तम. पण एकट्याच्या पंचायतीत मतभेद होत नाहीत, तेव्हा एकमत कसे घडते हेही तेथे कळत नाही. त्यामुळे प्रयोगात किमान चार नोड हवेत.

चारच का, यामागे गणित आहे. लेस्ली लॅम्पोर्ट, रॉबर्ट शोस्टाक आणि मार्शल पीज यांनी १९८२ मध्ये ‘बायझंटाइन सेनापतींचा प्रश्न’ मांडला. वेढा घातलेल्या सैन्याचे काही सेनापती फितूर असतील आणि प्रत्येकाला वेगळाच निरोप धाडत असतील, तर बाकीच्या निष्ठावंतांचे एकमत कसे व्हावे? त्यांचे उत्तर असे की एका फितुराला पुरून उरायचे तर एकूण चार सेनापती हवेत, दोघांना पुरून उरायचे तर सात. टेंडरमिंट याच हिशेबाने चालते. दोन-तृतीयांशांहून अधिक मते मिळाल्याखेरीज नवे पान वहीत लागत नाही.

हे वाचून पटते, पण कंटेनरवर ते डोळ्यांनी दिसते. औषध भांडाराचा नोड बंद करा. उरलेले तिघे म्हणजे चारांपैकी ७५ टक्के. काम चालू राहते. आता रुग्णालयाचाही नोड बंद करा. उरले ५० टक्के आणि नवी नोंद होणे थांबते. यंत्रणा चुकीची नोंद करण्यापेक्षा नोंदच न करणे पसंत करते. एक नोड पुन्हा सुरू केला की तो चुकलेली पाने इतरांकडून उतरवून घेतो आणि गाडी रुळावर येते. अभियंत्याला हे वर्तन निर्दोष वाटेल. पण रुग्णालयाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय? पावसाळ्यात दोन तालुक्यांची वीज किंवा इंटरनेट गेले तर सगळ्या जिल्ह्याची नोंद थांबणार. तेवढ्या वेळात परिचारिकेने औषध द्यायचे की नाही? दिले तर नोंद कोठे करायची आणि नंतर ती वहीत कशी चढवायची? निविदेच्या कागदात हे प्रश्न सहसा नसतात. दोन कंटेनर बंद केले की ते पाच मिनिटांत समोर उभे राहतात. प्रयोगाचे खरे मोल येथे आहे.

पुढची पायरी घरफोडीची. एका कंटेनरात शिरून तिथल्या मोंगोडीबीतील नोंद थेट बदलून पाहावी, म्हणजे ब्लॉकचेनच्या पुढच्या दाराने न जाता मागची खिडकी फोडावी. बिघडते ती त्या एका नोडची प्रत. बाकी तीन शाबूत राहतात. हा या रचनेचा खरा फायदा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. परंतु त्यापुढे जाऊन एक प्रश्न विचारायला हवा : फक्त त्या बिघडलेल्या नोडलाच विचारणाऱ्या औषध विक्रेत्याला काय उत्तर मिळते? उत्तर चार ठिकाणी ताडून पाहण्याची सोय त्याच्या मोबाइलमधल्या ॲपमध्ये आहे का? ती नसेल तर चार प्रती असूनही त्याच्यासाठी वही एकच आणि तीही फोडलेली. साखळी मजबूत असूनही तिला जोडलेल्या ॲपची कडी कच्ची असू शकते, हे या पायरीवर कळते.

तिसरा धडा थोडा विनोदी आहे. ‘एकदा लिहिले की पुसता येत नाही’ अशी ज्या वहीची ख्याती, ती कंटेनर काढून टाकला की नाहीशी होते. कंटेनरची घडणच मुळी वापरा आणि टाका अशी. आतला मजकूर टिकवायचा तर तो बाहेरच्या वेगळ्या साठ्यात ठेवावा लागतो आणि तो साठाही एका आज्ञेत पुसता येतो. नवशिक्याची पहिली ‘अमर’ साखळी बहुधा अशीच एका झटक्यात स्वर्गवासी होते. त्यातून समजते ते मोलाचे आहे : नोंदींचे अमरत्व गणितातून येत नाही. गणित फेरफार झाल्याचे उघड करते, एवढेच. नोंद टिकते ती वेगवेगळ्या हातांत वेगवेगळ्या प्रती जपल्या जातात म्हणून. ते हात एकाच माणसाचे असतील तर सारी साखळी त्याच्या मर्जीवर.

या प्रयोगाची सीमा नेमकी येथे लागते. लॅपटॉपवर चार नोड चालतात, पण चारही किल्ल्या एकाच्याच खिशात असतात. औषध कंपनी आणि औषध प्रशासन यांच्यात हितसंबंधांचा झगडा असतो. कंटेनर क्रमांक एक आणि कंटेनर क्रमांक चार यांच्यात कसलाच झगडा नसतो. ब्लॉकचेनची सारी मातब्बरी परस्परांवर विश्वास नसलेल्यांना एका वहीवर आणण्यात आहे. तो अविश्वास प्रयोगात नसतोच, म्हणून त्यावरचा इलाजही तेथे तपासला जात नाही. चाचणी यशस्वी झाल्याचा अर्थ सॉफ्टवेअर चालले, इतकाच घ्यावा. पुढे प्रत्यक्षात चारही नोड एकाच कंत्राटदाराने एकाच क्लाउडवर चालवले तर लॅपटॉपवरचीच गोष्ट मोठ्या भाड्याने चालू राहिली, असे समजायला हरकत नाही.

वेगाचेही तसेच. एका लॅपटॉपमधल्या चार कंटेनरांत निरोप क्षणार्धात पोहोचतात. गडचिरोली ते मुंबई या जोडणीत ते तसे पोहोचत नाहीत. लिनक्समध्ये कंटेनरांच्या जाळ्यात मुद्दाम विलंब आणि गळती घालण्याची सोय आहे. ती वापरून पाहणे हा प्रामाणिक प्रयोगाचा भाग ठरतो. तरीही चार यंत्रांची चार घड्याळे मागेपुढे होणे, एकाची डिस्क भरणे, तंत्रज्ञ रजेवर असणे या गोष्टी कंटेनरमध्ये आपोआप घडत नाहीत. म्हणून लॅपटॉपवर सेकंदाला किती नोंदी झाल्या हा आकडा निर्णयाच्या टिपणीत जाऊच नये. शितावरून भाताची परीक्षा होते, ही म्हण खरी. भात शिजला का हे शितावरून कळते. दोनशे पानांची पंगत उठेल का, हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट कोणताही कंटेनर सांगू शकत नाही : लिहिलेले खरे आहे का? बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवाव्या लागतात. तापमान मोजणारे यंत्र पेटीत न ठेवता शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवले, तर ब्लॉकचेन ती खोटी नोंद तितक्याच निष्ठेने जपेल. किंबहुना ती अधिक विश्वासार्ह वाटेल, हा धोका मोठा. आपल्याकडे ‘ईविन’ ही लससाठ्याची आणि शीतसाखळीची संगणकीय व्यवस्था ब्लॉकचेनशिवाय देशभर चालते. तिचे यश तापमापकांत, प्रशिक्षित शीतसाखळी कर्मचाऱ्यांत आणि रोजच्या पाहणीत आहे. नोंदीच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाची जागा कोणतीही साखळी घेत नाही.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. रुग्णाची माहिती या वहीत लिहावी का? उत्तर स्पष्ट आहे : लिहू नये. नोंद सगळ्या नोडांवर जाते आणि पुसता येत नाही. एचआयव्हीची चाचणी, गर्भपात, मानसोपचार यांची नोंद एकदा चुकून गेली तर ती कायमची. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनी नागरिकाला आपली माहिती काही परिस्थितींत पुसून घेण्याचा हक्क दिला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यातही, अन्य कायद्याने जपणे आवश्यक नसेल तर, दुरुस्तीचा आणि पुसण्याचा हक्क आहे. न पुसता येणारी वही आणि पुसून मागण्याचा हक्क या दोहोंचा मेळ नंतर घालू म्हटल्यास बसत नाही. तो रचनेच्या पहिल्या दिवशीच घालावा लागतो.

यावर सांगितला जाणारा उपाय असा, की माहिती रुग्णालयाच्या साध्या डेटाबेसमध्ये राहू द्यावी आणि साखळीवर फक्त तिचा ठसा ठेवावा. एस्टोनियाने आरोग्य नोंदींच्या बाबतीत हीच वाट धरली. ठशांची साखळी नोंदींवर पहारा ठेवते, रुग्णाची माहिती तिच्यात नसते. ही वाट बरोबर आहे. पण तिच्यातही खड्डा आहे आणि तोही लॅपटॉपवर दाखवता येतो. भारतातील मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात. म्हणजे दहा अंकी क्रमांकांच्या शक्यता जास्तीत जास्त ४०० कोटी. माणसाला हा आकडा प्रचंड वाटतो, संगणकाला नाही. सगळ्या क्रमांकांचे ठसे काढून साखळीवरल्या ठशाशी जुळवायला साध्या लॅपटॉपलाही तासाभराहून अधिक वेळ लागू नये. म्हणजे नुसत्या मोबाइल क्रमांकाचा ठसा हे गोपनीयतेचे पातळ पांघरूण झाले. ठसा काढण्यापूर्वी माहितीत गुप्त, यदृच्छ भर घालणे अपरिहार्य ठरते. प्रस्ताव मांडणाऱ्याने ते केले आहे का, हे विचारण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रयोग स्वस्त झाल्याने धोकाही स्वस्त झाला आहे. ‘थोडा खरा डेटा टाकून पाहू’ हा मोह सर्वांत वाईट. प्रयोगासाठी उभे केलेले डेटाबेस अनेकदा बिनापासवर्डचे असतात. डॉकरमध्ये एखादे पोर्ट उघडले की, वेगळे सांगितले नाही तर, ते संगणकाच्या सर्व बाजूंनी उघडते. काही वेळा नेहमीच्या फायरवॉललाही वळसा घालून. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातील हजारो उघडे मोंगोडीबी डेटाबेस हल्लेखोरांनी पुसले आणि जागी खंडणीची चिठ्ठी ठेवली. कुलूप नव्हतेच, त्यामुळे फोडण्याचीही गरज पडली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सची संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने ठप्प झाली, तेव्हा नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतचे काम दिवसेंदिवस कागदावर करावे लागले. या घटनांच्या पार्श्वभूमीवर नियम एकच असावा : प्रयोगात एकाही खऱ्या रुग्णाची नोंद नको. कृत्रिम रुग्ण तयार करणारी सिंथिया यासारखी खुली साधने उपलब्ध आहेत. त्यांचे रुग्ण अमेरिकी वळणाचे असले तरी वहीची चाचणी घ्यायला ते पुरतात.

जुन्या पेटीचाही विचार व्हावा. कंटेनर पाच-सहा वर्षांपूर्वीचे सॉफ्टवेअर जसेच्या तसे जपतो आणि आजही चालवून दाखवतो. अभ्यासाला ते वरदान; पण त्यात त्या काळातल्या सुरक्षेच्या फटीही जपलेल्या असतात. बिगचेनडीबीच्या नव्या आवृत्त्या गेल्या काही वर्षांत जवळजवळ थांबल्या आहेत. सुरुवातीला ती ज्या रिथिंकडीबीवर उभी होती, त्या डेटाबेसच्या कंपनीचा गाशा २०१६ मध्येच गुंडाळला गेला. रुग्णाची नोंद माणसाच्या आयुष्याइतकी टिकायला हवी आणि सॉफ्टवेअरचे आयुष्य दशकभरही नसावे, ही विसंगती खरेदी करण्याआधी मोजली पाहिजे.

मग प्रयोग करूच नये का? उलट, तो सक्तीचा करावा. सार्वजनिक पैशातून ब्लॉकचेन घेण्याचा प्रस्ताव आला की त्यासोबत कंटेनरमधली चालती प्रतिकृती मागावी आणि ती पुरवठादाराच्या यंत्रावर न पाहता जिल्ह्यातल्याच एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या हाती मोडायला द्यावी. दोन नोड पाडल्यावर काय झाले, एका नोडमध्ये फेरफार केल्यावर विक्रेत्याला काय दिसले, किल्ली हरवली तर नोंद कोणाच्या नावे राहिली, चुकीची नोंद कशी दुरुस्त झाली, या प्रश्नांची लेखी उत्तरे घ्यावीत. त्यांच्याखाली प्रयोगात काय तपासता आले नाही याचीही यादी असावी. नोड प्रत्यक्षात कोण चालवणार, त्यांचे हितसंबंध खरोखर वेगळे आहेत का आणि वाद झाला तर निवाडा कोण करणार, हे प्रश्न त्या यादीत आपोआप येतील. त्यांची उत्तरे संगणकाने द्यायची नसतात, ती करारात असावी लागतात.

त्याच वेळी शेजारच्या कंटेनरात साधा डेटाबेसही उभा करावा. त्याला स्वाक्षऱ्यांची आणि फेरफार-नोंदीची जोड द्यावी आणि तुलना करावी. कित्येकदा तेवढ्याने काम भागते. हेबर आणि स्टॉर्नेटा यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या कंपनीने १९९५ पासून काय केले? आपल्या नोंदींचा एकत्रित ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छोट्या जाहिरातीसारखा छापला. अंक घरोघरी गेला की फेरफार करू पाहणाऱ्याला ते सारे अंक बदलावे लागणार. नोड नाहीत, मतदान नाही, तरी साऱ्या गावाला साक्षी ठेवणारी नोंद. जेथे भागीदार खरोखर परस्परांवर अविश्वास ठेवून आहेत आणि कोणा एकाला वहीचा मालक करणे कोणालाच मान्य नाही, तेथे ब्लॉकचेन डेटाबेसचा दावा बळकट ठरतो. औषधांचा माग हे तसे क्षेत्र असू शकते. एका रुग्णालयाच्या आतल्या नोंदींसाठी मात्र तिचे प्रयोजन दिसत नाही.

कंटेनरने पंचवीस कोटींचा धडा एका दुपारीत आणि जवळपास फुकट शिकण्याची सोय केली आहे. जिल्हा रुग्णालयाच्या बैठकीत हा प्रस्ताव येईल तेव्हा ‘चालते का?’ हा प्रश्न शेवटी विचारला तरी चालेल. ‘मोडते कसे, आणि मोडेल तेव्हा रुग्णाचे काय?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.